पाटाच्या वरच्या अंगाला

काकांच्या गाडीत बसायचं असेल तर आधी एक प्रश्न लिहून द्यावा लागे. कागदावर, शाईच्या पेनाने, गुरुवारी दुपारच्या आत. प्रश्न पसंत पडला तर शुक्रवारी सकाळी सहाला मस्कतमधल्या रुवीच्या घड्याळाच्या चौकात हजर राहायचं. नाही पडला तर कागद परत यायचा आणि खाली एक ओळ असायची, "हे तुम्हाला मोबाइलसुद्धा सांगेल. नीट विचार करा." माझ्या नवऱ्याचा प्रश्न तीनदा परत आला. चौथ्यांदा वैतागून त्याने लिहिलं, "परत किती वाजता येणार?" तो चक्क मंजूर झाला. "एवढा एकच माणूस प्रामाणिक निघाला," काका म्हणाले.

मी कोल्हापूरची. लग्न होऊन हमरियातल्या दोन खोल्यांत आले आणि रुवीतल्या एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्रॉइंगं लावून ठेवायच्या कामाला लागले. काका तिथले सगळ्यांत जुने सर्व्हेअर, गाव रत्नागिरीच्या बाजूचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर खिशातली पाणसळ ठेवली. पाणसळ म्हणजे गवंडी भिंतीवर ठेवून बघतात ती, मधे बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा डावीकडे गेला. "तुझं टेबल कललेलं आहे गो," म्हणाले आणि एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारून निघून गेले. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. मी मनात म्हटलं, आता काय बाई या माणसाचं करायचं!

ती पाणसळ सदा खिशात. हॉटेलात चहा मागवायच्या आधी टेबलावर ठेवायची. बुडबुडा हलला की उठून दुसरं टेबल. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा त्यांनी चौरंगावर ठेवली. भटजी पोथी उघडून बसलेले, प्रसादाचा शिरा गार होतोय आणि हे चौरंगाखाली कागदाच्या घड्या घालतायत. मुंबईहून आलेल्या माझ्या सासूबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "यांना पुन्हा बोलावू नकोस." मी पुढच्या वर्षीही बोलावलं. आपलं असं आहे, कोणी नको म्हटलं की मला हवंच असतं.

सर्व्हेअरांची एक फील्डबुक असते. साइटवर घेतलेले आकडे त्यात तिथल्या तिथे लिहायचे. त्यात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्याच्यावर एकच आडवी रेघ मारायची, वर खरा आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची, म्हणजे चूकही दिसते आणि कोणाची तेही दिसतं. नव्या पोरांना काका हे दहादा सांगत. पण त्यांच्या स्वतःच्या वह्यांत रेघ नव्हती. एकसुद्धा नाही! "शोधून दाखव," म्हणायचे. मी खरंच एका रिकाम्या दुपारी कपाटातल्या सगळ्या वह्या चाळल्या. नव्हती. साइटवर काही बिघडलं तर ट्रायपॉड हलला, ऊन तापलं, काँक्रीट बसलं, पण काका चुकले असं कधी झालं नाही. "चूक माझी" हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून ऑफिसात कोणी ऐकले नव्हते.

आणि त्यांच्या त्या सहली! सहल म्हटलेलं त्यांना खपत नसे. "पाहणी" म्हणायचं. दर दुसऱ्या शुक्रवारी, त्यांच्या जुन्या पांढऱ्या फोर-व्हीलमधून, त्यांना सोडून बरोबर पाच माणसं. सहावा माणूस म्हणजे गर्दी आणि चौघं म्हणजे पत्त्यांचा डाव, असं त्यांचं मत. जागा कायम एकच. मस्कतहून दीडेक तासावर डोंगराच्या पायथ्याशी केळी-खजुरीचं गाव आहे, बिरकत अल मौज, तिथे फलज बघायचा. मग पुढे निझव्याचा बाजार. फलज म्हणजे इथला पाट. डोंगराच्या पोटातून जमिनीखालून पाणी आणायचं आणि गावात आलं की दगडी पन्हाळीतून बागेबागेला फिरवायचं. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. शेकडो वर्षांपूर्वी कोणी तो उतार असा धरला, या एका गोष्टीवर काका खुळावले होते.

गाडीत बसलं की प्रत्येकाच्या हातात झेरॉक्सचा कागद यायचा. त्यावर वेळा आणि नियम. अंताक्षरी नाही. नऊच्या आधी चिवडा नाही. हलवा आणि चांदीचे दागिने शेवटी. पाटाने नेहमी खालून वर चालायचं. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, गाइड शेवटी. आणि एक जण जरी थकला तरी सगळ्यांनी मागे फिरायचं.

पहिला मुक्काम विद्यापीठापाशी. ते गावाजवळच आहे आणि शुक्रवारी ते बंद असतं. वर्षानुवर्षं हा माणूस लोकांना बंद विद्यापीठाच्या फाटकाशी उतरवून उन्हात उभं करत होता. वॉचमन ओळखीचा झालेला. तो खुर्चीतूनच हात वर करायचा. काका फाटकाकडे बोट दाखवत म्हणायचे, "पाणी आणि विद्या, दोन्ही वरून खाली येतात. आणि दोन्ही मधेच कोणीतरी अडवतो." मग एक मिनिट गप्प. एकदा मी विचारलं, "काका, उघडं असेल त्या दिवशी आणा की." तर म्हणाले, "उघडं असलं तर आत जावं लागेल. मी आयटीआयवाला. इथूनच बरं दिसतं."

त्यानंतर पाट. गावात तो मोकळा वाहतो. एका ठिकाणी एका प्रवाहाचे तीन सारखे वाटे होतात. तिथे काका गुडघ्यावर बसून दगडावर पाणसळ ठेवत आणि बुडबुडा मधोमध थांबला की आमच्याकडे असे बघत की जणू दगड त्यांनीच बसवलाय. त्याच्या वर पाणी पहिल्यांदा उजेडात येतं ती जागा फक्त पिण्याच्या पाण्याची. तिथून वर पाट जमिनीखाली जातो आणि वर नुसते मातीचे गोल उंचवटे दिसतात, विहिरीच्या तोंडांचे, ओळीने डोंगरापर्यंत. त्या ओळीच्या शेवटी मूळ विहीर. उगम.

तो उगम काकांनी कधी पाहिला नव्हता! बारा वर्षं लोकांना नेत होते आणि दरवेळी कोणीतरी थकायचं. कोणाची चप्पल तुटायची, कोणाला हलव्याची दुकानं बंद होतील अशी भीती. काका लगेच मागे फिरायचे. नियम तो नियम. एकट्याने जा की म्हटलं तर म्हणायचे, "एकट्याने बघून काय करू? खरं कोण मानणार?" आणि कोणी विचारलं, "काका, गावी कधी जाणार कायमचे?" तर उत्तर ठरलेलं. "उगम बघितल्याशिवाय कसा जाऊ?" गावी ते जातच नसत म्हणा. सुट्टीत रत्नागिरीला बहिणीकडे उतरायचे आणि तिथूनच परत यायचे.

मग साठ झाली. व्हिसा संपत आला. तिकीट निघालं. एकच शुक्रवार उरला होता.

त्या आठवड्यात काकांचं पाणी वेगळंच होतं. त्यांनी माणसं निवडून घेतली. मी आणि नवरा. आयटीतलं एक नवं जोडपं, रोज पळायला जाणारं. आणि पाचवे सहमचे भाई. त्यांचं किनाऱ्यावरच्या सहमला किराणा दुकान, गाव काकांच्या शेजारचं, आणि गुडघे पार गेलेले. नवरा म्हणाला, "काका, भाईंना कशाला? परत तेच होणार." काका म्हणाले, "तो नसला तर मी जाणार नाही." झालं. मी भाईंना फोन लावला. "भाई, गुडघ्याला काय लावायचं ते लावून या, पण शुक्रवारी थकलो म्हणायचं नाही." भाई हसले. "अगो बाय, सरपटत येईन, पण येईन. इन्शाल्ला."

आणि मी काय केलं? आता सांगायचं तर सांगते. आमच्याकडे पंचगंगेची ओटी भरतात. वाहत्या पाण्याकडे काही मागायचं तर रिकाम्या हातांनी मागत नाहीत. मी हमरियातल्या दुकानातून नारळ घेतला, खण घेतला लाल काठाचा, हळदकुंकवाची पुडी घेतली. पाणी उजेडात येतं तिथे सगळे पुढे जाईपर्यंत मी रेंगाळले. पिण्याच्या पाण्याची जागा, म्हणून हळदकुंकू आपल्याच हातावर ठेवलं, एवढी अक्कल होती. नारळ खणात गुंडाळला, गाठ मारली आणि सोडला पाण्यात. म्हटलं, "बाई, या माणसाला आज उगम दिसू दे. दुसरं काही नको." नारळ डुलत डुलत निघाला. मला इतकं भरून आलं की मी पळतच जाऊन सगळ्यांना गाठलं.

आणि काय सांगू, त्या दिवशी पायांना चाकं लागली होती सगळ्यांच्या. भाई सगळ्यांत पुढे, काठी टेकत, एकेक उंचवटा मोजत. नवं जोडपं चिवड्याचं नाव काढेना. नवऱ्याने एकदाही किती वाजले विचारलं नाही. काका शेवटी, हातात कागद. त्यावर लिहिलेलं होतं, १०.३०, उगम. दहा वाजून गेले होते आणि ओळीतले शेवटचे चार उंचवटे स्पष्ट दिसत होते. मी मागे वळून बघितलं तर काकांच्या तोंडावर लहान मुलासारखं हसू. तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात खालून हाका आल्या. बागेतला एक बंगाली कामगार धावत येत होता. हातात माझा नारळ, लाल काठाचा खण लोंबतोय.

"ये किस का है?"

"मेरा," म्हटलं.

झालं होतं ते असं. बागेत पाणी घ्यायचं तोंड दगड आणि फडकं कोंबून बंद करतात, उघडायचं तेव्हा काढून घेतात. ज्याची बारी असेल त्याने तेवढ्या वेळात पाणी घ्यायचं, मग पुढच्याचं. माझा खणात गुंडाळलेला नारळ वाहत जाऊन एका म्हाताऱ्याच्या बागेच्या तोंडात असा चपखल बसला की दगड-फडक्याने जे केलं असतं ते त्याने चोख केलं. म्हातारा बागेच्या दुसऱ्या टोकाला होता. पाणी सगळं पुढे निघून गेलं. कळलं तेव्हा त्याची बारी संपली होती.

"कितना टाइम?" काकांनी विचारलं.

"पूरा आधा घंटा. अर्बाब का पानी खलास." अर्बाब म्हणजे मालक.

नवरा म्हणाला, "काका, याला सॉरी सांगून पाठवू. येताना भेटू त्या म्हाताऱ्याला. चार विहिरी राहिल्यात फक्त!" नवं जोडपं म्हणालं, हो हो. भाईसुद्धा म्हणाले, "मी थकलो नाय हां, चल तू." बारा वर्षांत पहिल्यांदा पाचही जण वर जायला तयार होते.

काकांनी एकदा वर बघितलं. त्या चार उंचवट्यांकडे. मग कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली उतरायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे.

मी मागून रडत. होय, रडतच. "काका, चूक माझी आहे, मी जाते, तुम्ही वर जा." त्यांनी वळूनही बघितलं नाही.

म्हातारा बांधावर बसला होता. बारीची वेळ मोजायला मातीत एक काठी रोवलेली, तिच्या सावलीकडे बघत. मनगटावर घड्याळ होतं तरी. काकांना त्याच्या भाषेतलं कामापुरतं येत होतं, पण त्या क्षणी काहीच आठवलं नसावं. ते त्याच्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि सरळ मराठीत म्हणाले, "चूक माझी. तुमची बारी मी मोडली."

म्हाताऱ्याने त्यांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मग मान हलवली. "तय्यिब," म्हणाला. म्हणजे बरं.

त्या एका शब्दाने काकांचा चेहरा असा झाला की मला बघवेना म्हणून मी मान फिरवली. मग त्यांनी कोपऱ्यातल्या बादल्यांतल्या दोन उचलल्या. पाटाचं पाणी आता पुढच्याच्या बारीचं होतं, त्याला हात लावायचा नाही. पण पिण्याच्या जागेवरून भांड्याने घेतलेल्या पाण्याला बारी नसते. खुणा करून त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, केळींना घालू? म्हातारा हसला. "माफी मुश्किल," म्हणाला, राहू दे, काही बिघडलं नाही. काका म्हणाले, "बिघडलंय." आणि निघाले.

साठीचा माणूस, भर उन्हात, दोन्ही हातांत बादल्या. पिण्याच्या जागेपासून बागेपर्यंत चांगली दोनशे पावलं. तिसऱ्या खेपेला नवरा उठला. मग ते जोडपं. मग मी. चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली. बंगाली कामगारानेही नारळ बांधावर ठेवला आणि एक बादली घेतली.

मी दम खायला भाईंजवळ टेकले तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुला म्हाईत नाय ना?"

"काय?"

"आमच्याकडे पण पाट हाय. यांच्या बागा, आमच्या बागा, एकाच पाटावर. हा तुझा काका पंचविसाचा असेल. वैशाख. याने पोफळीची रोपं लावलेली, करपायला लागली. मोठा भाऊ गेलेला सासुरवाडीला, बारी भावाची. याने भर दुपारी दगड लावून पाणी आपल्याकडे फिरवलं. पूर्ण दुपार. भाऊ आला तर त्याचे वाफे सुकलेले. सगळ्यांसमोर विचारलं, तू वळवलंस काय? हा म्हणाला, नाय. बांध फुटला असेल."

"मग?"

"मग काय? सगळ्यांना म्हाईत होतं. भाऊ नुसता बरं म्हणाला. एवढंच. बरं. परत कधी विचारलं नाय. त्याच वर्षी हा इकडे आला. तेव्हापासून त्याच्या समोर उभा नाय राहिला." भाईंनी काठीने माती टोकरली. "अजून वाट बघतो तो भाऊ."

मी उठले आणि बादली उचलली.

शेवटच्या केळीला पाणी घालून झालं तेव्हा नमाजाची वेळ झाली होती. म्हाताऱ्याने खजूर आणि कहवा दिला आणि निघताना माझा नारळ माझ्या हातात ठेवला, खणासकट, हसत. काका सावलीत बसले होते. त्यांनी खिशातून तो कागद काढला. "१०.३०, उगम" यावर एकच आडवी रेघ मारली. वर लिहिलं, "बादल्या." आणि शेजारी सही केली.

वर जायला वेळ उरला नव्हता. निझव्याला गेलो, हलवा घेतला. परतीच्या वाटेवर काका स्वतः म्हणाले, "अंताक्षरी खेळा हवं तर." कोणालाही गाणं सुचलं नाही.

चौकात उतरताना मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे तुमचा उगम राहिला."

"राहिला तर राहिला. तू जा. दर दुसऱ्या शुक्रवारी. पाच माणसं." त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला.

"मला कुठे गाडी येते? तीनदा नापास झालेय मी!"

"मग चौथ्यांदा दे. रडू नको गो, टेबल कलतं."

ते गेले. मी पुन्हा शिकायला लागले. इथलं लायसन्स म्हणजे खायचं काम नाही. ड्रमांच्या मधून गाडी मागे घ्यायची, चढावर थांबवून परत सुरू करायची, आणि मग रोड टेस्ट, शेजारी पोलीस. चौथ्यांदा नापास. पाचव्यांदा नापास. नवरा म्हणाला, "सोड आता." सोड म्हटलं की संपलंच! सहाव्यांदा पास झाले. थंडी पडल्यावर पहिल्या शुक्रवारी पाच जणांना घेऊन निघाले, हातात झेरॉक्स, बंद फाटकापाशी एक मिनिट गप्प, मग पाट, खालून वर. म्हाताऱ्याला बागेत सलाम केला. शेवटच्या चार उंचवट्यांपर्यंत गेलो आणि त्यांच्याही पुढे गेलो.

तिथे काय होतं सांगू? एक गोल सिमेंटचा कठडा. त्यावर लोखंडी झाकण. झाकणाला कुलूप. कान लावला तर खोल कुठेतरी पाण्याचा आवाज, तोही ऐकू आला की मला वाटलं, देव जाणे. बारा वर्षं या माणसाने ज्याचा ध्यास घेतला ते हे. मला हसावं की रडावं कळेना. फोटो काढला आणि तिथूनच पाठवला. लिहिलं, "काका, उगम बघितला. झाकण आहे, कुलूप आहे. काहीच दिसत नाही. तुमचं काही चुकलं नाही हो."

घरी परत येईपर्यंत उत्तर नव्हतं. मोबाइल ओट्यावर ठेवून कुकर लावला तेव्हा वाजला. फोटो होता. मातीचा पाट, दोन्हीकडे पोफळी, आणि बांधावर बसलेला एक खूप म्हातारा माणूस, हातात खोरं. काका फोटोत नव्हते. तेच काढत असणार. माझ्या उगमाबद्दल एक अक्षर नाही. खाली फक्त एवढंच लिहिलेलं होतं :

"दादाची बारी चालू आहे. माझी उद्या सकाळी."